सातव्या महिन्यातलं बिरडं

आश्लेषाच्या टाळूवर, भांगाच्या जरा डावीकडे, रोठा सुपारीएवढी जागा मोकळी झाली होती. तिथले केस गळले नव्हते. तिने ते एकेक करून उपटले होते. सहावीचे पेपर तपासताना डावा हात आपोआप वर जायचा, बोटं चाचपडत एखादा राठ केस हुडकायची आणि तो मुळासकट निघाला की तिला इतकं शांत वाटायचं की पुढच्या दोन पोरांना चार-चार मार्क जास्त मिळायचे. मग टेबलावरचे केस दिसले की रडू यायचं. सवय दहावीपासूनची. आता सहावा महिना होता आणि पुढच्या महिन्यात डोहाळजेवण. डोहाळजेवण म्हणजे वाडी आली, आणि वाडी भरायची म्हणजे टाळूपासून शेपट्यापर्यंत सगळ्या वेणीवर फुलं टाचायची, तीही अख्ख्या आळीतल्या बायकांसमोर.

"मला वाडी नको," आश्लेषा म्हणाली.

"या घरात वाडीशिवाय डोहाळजेवण झालेलं नाही," सासूबाई म्हणाल्या. "केस येतील महिन्याभरात. मी बघते."

सरोजिनीबाईंनी बघायचं ठरवलं की नारळही वेळेवर पडत. त्या सुनेला घेऊन अलिबागच्या डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. बाई म्हणाल्या, "हा हट्ट नाही, सवय आहे. तिला ओरडू नका, पहारा ठेवू नका. वेणी घट्ट घालू नका. तेल चोळायचं तर चोळा, पण त्याने उपटणं थांबत नाही. तिच्या चिमटीला दुसरं काम द्या." एवढ्या सगळ्यातलं 'तेल चोळा' तेवढं सरोजिनीबाईंनी घरी आणलं.

जास्वंदीचं तेल सकाळ-संध्याकाळ सुरू झालं. पहारा नको म्हणाल्या होत्या, म्हणून तो फक्त दिवसभर ठेवला. स्वयंपाकघरातून "हात" यायचं, झोपाळ्यावरून सासरे विश्वंभरराव पेपराआडून "हात" म्हणायचे. उरणला कंटेनर यार्डात नोकरीला असलेला नवरा अजेय शनिवारी घरी यायचा, पण मधल्या दिवशी त्याचाही फोन यायचा.

"तुझा हात कुठे आहे?"

"फोनवर आहे. तुझ्याशीच बोलतेय ना."

"दुसरा?"

आश्लेषाने फोन ठेवला आणि दुसऱ्या हाताने तीन केस उपटले.

गुरुवारी बिरडं होतं. मोड आलेले कडवे वाल कोमट पाण्यात घालून सरोजिनीबाईंनी परात सुनेपुढे सरकवली. आश्लेषाने एक वाल चिमटीत धरून दाबला. साल मागे राहिलं आणि आतली डाळिंबी सुळकन पुढे निसटली. तिने दुसरा घेतला. मग तिसरा. परात रिकामी झाली तेव्हा सरोजिनीबाईंच्या लक्षात आलं, की तासभर घरात कुणी 'हात' म्हणालेलं नाही.

त्या दिवसापासून घरात रोज बिरडं झालं. नारळ घालून, चिंच-गूळ घालून, वांगं घालून, शेवग्याच्या शेंगा घालून. डाळिंबीची उसळ झाली, भात झाला. पोटाला त्रास नको म्हणून सगळ्यात ओवा पडला. तिसऱ्या आठवड्यात टाळूवर बारीक लव दिसू लागली, पहिल्या पावसानंतर कौलावर हिरवं फुटावं तशी. सरोजिनीबाई ती चष्मा लावून रोज पाहायच्या. विश्वंभररावांना मात्र ताटाखेरीज काही दिसत नव्हतं.

"आज काय आहे?" ते विचारायचे, आणि उत्तर येण्याआधीच त्यांचा हात मिशीकडे जायचा.

"तुमच्या नातवाच्या आईचे केस आहेत," सरोजिनीबाई वाढता वाढता म्हणायच्या. "गुपचूप जेवा."

घरातले वाल संपले. सरोजिनीबाई बोर्लीच्या बाजारात गेल्या आणि पाच किलो मागितले. शेजारी फुलवाली भागुबाई उभी होती. सत्तरीची भागुबाई साऱ्या पंचक्रोशीच्या वाड्या भरायची.

"इतकं वाल कशाला गो? लग्न हाय का घरात?"

खरं सांगावं तर टाळू उघडी पडणार. सरोजिनीबाईंनी पिशवीचं तोंड आवळलं. "सुनेला डोहाळे लागलेत."

"वालाचं? वातूळ असतंय ते." भागुबाईने मान हलवली. "पण डोहाळं ते डोहाळं. पुरवाय पायजेत."

दुसऱ्या दिवशी उजाडताच दारात डबे आले. पोटुशीचे डोहाळे गावाने पुरवायचे, ही तिकडची रीत. सात घरांतून सात बिरडी. वर प्रत्येकीचं बोलणं: "अवघडलेल्या पोरीला सोलत नका बसवू हो वहिनी. आम्ही सोलूनच देतो." चौघींनी तर परातीसमोरून तिला हाताला धरून उठवलं आणि भिजवलेले वाल सोलायला घरी नेले. आश्लेषाच्या पुढे खायला ढीगभर आणि सोलायला काही नाही, असे तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी कोवळ्या लवेतले सहा केस पेपरावर सापडले.

सरोजिनीबाई तशाच चप्पल घालून बाहेर पडल्या आणि दारोदार सांगून आल्या, "डबे पाठवायचे तर सोलू नका. तिला सालासकटच हवेत."

दुसऱ्या दिवशी सात डब्यांत सात बिरडी आली. सालांसकट शिजवलेली.

विश्वंभररावांनी पहिला घास घेतला, बराच वेळ चावला आणि पान तसंच ठेवून मिशी धरून सुपारीच्या वाडीत निघून गेले.

डोहाळजेवणाच्या दिवशी भागुबाई शेवंती, अबोली आणि मोगऱ्याच्या टोपल्या घेऊन आली. आश्लेषा पाटावर भिंतीला डोकं टेकवून बसली होती. बायकांनी फेर धरून गाणं रचायला घेतलं:

*पहिल्या महिन्यात बाई, हिला गोड लागे ना काही*
*सातव्या महिन्यात बाई, हिला वालांचीच घाई*
*सासू भिजवी पराती, सून मोडते साल*
*सासरा म्हणे देवा, कधी संपतील वाल*

हसण्याच्या गडबडीत भागुबाईने आश्लेषाला पुढे ओढलं आणि वेणी हातात घेतली. फणीसारखी बोटं भांगातून वर गेली आणि डावीकडे थांबली. आश्लेषाने डोळे मिटले. ओटीचे तांदूळ घेतलेल्या सरोजिनीबाई जागीच उभ्या राहिल्या.

"जरा मागं सरा गो बायानू," भागुबाई मोठ्याने म्हणाली. "सुईत दोरा दिसत न्हाय मला."

बायका मागे सरल्या. भागुबाईने शेवंतीचं सगळ्यात मोठं फूल निवडलं आणि आश्लेषाच्या कानाशी वाकली. "भ्यायचं न्हाय. हितं मोठं फूल येतंय. तुझ्या सासूच्या वाडीला बी हितंच टाचलं व्हतं मी."

आश्लेषाने डोळे उघडले.

"तिची आय म्हणली, तापानं गेलं केस," भागुबाईने टाका घातला. "तापानं गेल्यालं केस अख्ख्या डोस्क्याचं जातात पोरी. चिमटीएवढं न्हाय जात."

सरोजिनीबाई अतिशय बारकाईने तांदळातले खडे पाहत होत्या.

चार वाजता शेवटची पाहुणी गेली. ओट्यावर बिरड्याचे अकरा डबे उरले. आश्लेषा फुलांच्या वाडीसकट पडवीत बसली आणि तिने भिजवलेल्या वालांची परात पुढे ओढली. थोड्या वेळाने समोर सरोजिनीबाई येऊन बसल्या आणि त्यांनीही एक वाल उचलला.

"आई, तुमचं कसं थांबलं?"

"सासूबाईंनी सुपारी कातरायला बसवलं. अडकित्ता हातात असला की दुसरं काही धरता येत नाही."

"मग मला पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत?"

सरोजिनीबाईंनी साल बाजूला टाकलं. "मला वाटलं, तेलाने जाईल."

आश्लेषाला राग यायला हवा होता. पण समोरची चिमटी हुबेहूब तिच्यासारखीच चालत होती. तिने परात थोडी सासूकडे सरकवली.

विश्वंभरराव वाडीतून परतले. परात दिसताच पायरीवरच थांबले.

"आजसुद्धा?" आणि बोटं मिशीत गेली.

"हात," दोघी एकदमच म्हणाल्या.

सरोजिनीबाईंनी चष्मा वर केला. मग उठून नवऱ्याची हनुवटी उजेडाकडे वळवली. डावीकडची मिशी उजवीच्या निम्मी राहिली होती.

"बसा," त्या म्हणाल्या.

"अगं पण मी..."

"बसा म्हणते ना."

ते बसले. चिडूनच एक वाल उचलला, चिमटीत दाबला. डाळिंबी सुळकन निसटून परातीत पडली. विश्वंभररावांनी बोटांत राहिलेल्या सालाकडे पाहिलं. दुसरा वाल घेतला. मग तिसरा. सुपारीच्या वाडीतून वारा येत होता आणि आश्लेषाच्या वेणीतल्या पाकळ्या परातीत पडत होत्या.

परातीचा तळ दिसू लागला तसे विश्वंभरराव अस्वस्थ झाले.

"उद्याला," ते परातीकडे बघतच म्हणाले, "जरा जास्त भिजवा."