चाचीच्या बाजूचा चोक

कासमचाचा आपोआप उघडणाऱ्या दारातून आत जात नाहीत. म्हापशाच्या एका मोठ्या दुकानात मी हे डोळ्यांनी पाहिलं. काच सरकली की ते एक पाऊल मागे घेत. काच मिटे. ते पुढे होत, काच पुन्हा सरके. मागे गिऱ्हाइकांची रांग लागली. शेवटी आतून रखवालदार धावत आला आणि म्हणाला, "या ना आत." तेव्हा चाचा गेले. मला म्हणाले, "आता कसो माणसान बोलावल्यान. दारान बोलावल्यार मी कित्याक जाव?"

बांद्यात त्यांचं घर आमच्या घराला लागून. बाजारातलं काजूचं दुकान आता त्यांचा मुलगा सलीम बघतो. टाकी भरली की पंप आपोआप बंद करणारं यंत्र सलीमने बसवलं, ते चाचांनी काढून माळ्यावर टाकलं आणि स्वतः गच्चीवर स्टूल घेऊन बसू लागले. टाकी भरत आली की वरून हाक मारत, "सलीम, बंद कर." सलीम दुकानात असे. टाकी वाहायची आणि आम्ही अंगणात वाळत घातलेली कोकमं भिजायची. माझी आई भांडायला उभी राहिली की चाचा वरूनच म्हणत, "वयनी, मी हाक मारलंय, पाणी सांगान गेला. माझी चूक नाय."

"विचारल्याबिगर केलेला काम माका नको," हे त्यांचं कायमचं वाक्य.

मी कामगार संघटनेचं काम करते; मला ते आमच्याच बाजूचे वाटायचे. यंत्रं आणायचा निर्णय मालकाचा आणि रोजगार जातो कामगाराचा, यावर मी एक पत्रक लिहिलं होतं. ते त्यांना नेऊन दिलं. त्यांनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं आणि विचारलं, "ह्या तू लिवलंस, काय छापखान्याच्या यंत्रान?"

एवढ्या कडक माणसाने एकच आपोआप चालणारी वस्तू इतकी वर्षं पोसली होती. गाडीचा चोक. गाडी जुनी, परदेशी, फिकट हिरवी, गोव्यातल्या एका घरातून घेतलेली. इंजिन थंड असताना त्याला हवा कमी आणि पेट्रोल जास्त लागतं, म्हणून कार्बोरेटरच्या तोंडावर एक झडप असते. तिला चोक म्हणतात. साध्या गाडीत ती आपण दांडी ओढून मिटायची. या गाडीत ते काम एक गुंडाळलेली स्प्रिंग करी. इंजिन थंड असलं की झडप मिटे, तापलं की उघडे. चाचांना ते पटत नसे, पण चालत होतं म्हणून चालू दिलं.

मग जुलेखाचाचीच्या किडन्या गेल्या. एक दिवसाआड ओरोसच्या केंद्रात डायलिसिस सुरू झालं. बसमध्ये तिला बसवत नसे, म्हणून गाडी. आणि खाऱ्या हवेने गंजलेली ती स्प्रिंग नेमकी तेव्हाच अडकू लागली. झडप मिटलेलीच राही, काळा धूर निघे, पेट्रोलचा वास घरभर पसरे. एका सकाळी गाडी सुरूच झाली नाही. सलीमने रिक्षा आणली. ते ओरोसला पोचेपर्यंत चाचीच्या जागी दुसऱ्याला घेतलं होतं. त्या रात्री तिला धाप लागली.

मी संतापले. रुग्णाला घरापासून वाहन मिळणं हा उपकार नाही, हक्क आहे, असा अर्ज लिहिला. चाचांनी सही केली आणि म्हणाले, "तू झगड. तवसर मी गाडयेचा बघतंय."

हायवेवर मादेवचं गॅरेज आहे. त्याने स्प्रिंगचं गोल झाकण काढलं, झडपेच्या दांडीला मोटारसायकलची केबल जोडली आणि ती डॅशबोर्डकडे आणली. आता हाताने ओढायच्या मुठीसाठी भोक पाडायचं होतं. चाचांनी बोट ठेवलं ते थेट शेजारच्या सीटसमोर.

"चाचा, थंय ड्रायव्हराचो हात पोचाचो नाय," मादेव म्हणाला.

"तुका भोक पाडूक सांगितलंय. हात मोजूक नाय."

"लोक माका हसतले."

"हसांदेत. सांग, म्हाताऱ्याक खूळ लागला."

बाजारात तसंच पसरलं. पण दुसऱ्या दिवशी चाची त्या सीटवर बसली, चाचांनी चावी फिरवली आणि म्हणाले, "ओढ गो." तिने ओढलं. इंजिन सुरू झालं. डायलिसिसच्या सुया टोचायचा हात तिने मांडीवर जपून ठेवला होता, दुसऱ्या हाताने मूठ घट्ट धरलेली.

व्हीलचेअर उतरवायला मी बरोबर जात असे, त्यामुळे पुढचं दर खेपेला ऐकलं.

"जुलेखा, सोड आता. पेट्रोल जळता."

"अजून तापूक नाय ती."

"मी चलयतंय, माका कळता."

"तुमका कळता तर माझ्यासमोर कित्याक लावलास? गप चलवा."

चाचा गप चालवत. इन्सुलीचा चढ आला की ती कान देऊन ऐके आणि मूठ हळूहळू आत ढकले. इंजिनचा आवाज मऊ होई. मग ती आमच्याकडे अशी बघे, की आता बोला.

एकदा केंद्राबाहेरच्या बाकावर मी विचारलंच. चोक तिच्या बाजूला का?

चाचांनी काचेतून आत बोट दाखवलं. "थंय बघ. रगत जाता, रगत येता, मशीन वाजता. तिका कोण विचारता? घरात सून जेवण करता, तिका हात लावूक दिणा नाय. चांगल्यापायीच. पण आख्खा घर चलयलेला बायलमाणूस ता. आता पाणी कितक्या प्याचा, ताय दुसरोच सांगता." खिशातला रुमाल काढून त्यांनी नुसताच हातात धरला. "कायतरी असा होया, जा तिना केल्याशिवाय होवचा नाय."

पावसाळा संपता संपता चाची गेली. अर्जाचं उत्तर आलेलं नव्हतं. मी तो मागे घेतला नाही; बांद्यातून ओरोसला जाणारी ती एकटीच नव्हती.

काही दिवसांनी चाचा दारात आले. व्हीलचेअर आणि उरलेलं सामान ओरोसच्या केंद्रात दुसऱ्या कोणाला द्यायचं होतं. "तू येतंस?" एवढंच म्हणाले. मी मागचं दार उघडलं, तर त्यांनी मान हलवली. "फुडे बस. माझो हात पोचना नाय."

मी बसले. त्यांनी चावी फिरवली, मी मूठ ओढली, गाडी सुरू झाली. इन्सुलीचा चढ आला. मी इंजिनचा आवाज ऐकत होते आणि मला त्यातलं काहीच कळत नव्हतं. मागे काळा धूर दिसू लागला.

"चाचा, सोडू आता?"

त्यांनी रस्त्यावरची नजर काढली नाही. गाडी चढ चढत राहिली.

"माका खंय ठावक," ते म्हणाले. "ता तीच सांगायची."