आठवी 'ब'चा दोनशे टक्के सहभाग

लखनौच्या महानगर भागातल्या एका शाळेत वर्ग शांत असणं हा गैरप्रकार ठरवण्यात आला, ही गोष्ट खरी आहे. ज्याला खोटी वाटत असेल त्याने मला येऊन विचारावं. मी आणखी वाढवून सांगेन.

झालं असं की विद्यार्थ्यांचा सहभाग वाढावा म्हणून प्रत्येक वर्गात कॅमेरा लावला गेला. त्याने वर झालेले हात मोजायचे. तास संपला की टक्केवारी निघे; तिचं नाव 'विद्यार्थी-सहभाग निर्देशांक'. पंचाहत्तरच्या खाली राहणारा शिक्षक कायम होणार नव्हता.

आमच्या वरच्या मजल्यावरची मैत्रेयी त्याच शाळेत दोन वर्षं हंगामी. तिचा निर्देशांक चार. तिच्या तासाला मुलं ओठ चावत विचार करीत बसायची, आणि विचार करणाऱ्या पोराचा हात बहुधा हनुवटीखाली असतो. कॅमेऱ्याच्या लेखी तो हात गैरहजर.

प्राचार्य निगमसाहेबांनी तिला बोलावून चहा पाजला. लखनौत माणसाला काढायचं असलं तरी आधी चहा पाजतात, सोबत बिस्किटंही देतात. "मैडम, आपके यहाँ बच्चे सोचते बहुत हैं," ते अदबीने म्हणाले. "इस पर ज़रा ध्यान दीजिए." मुदत सप्टेंबरअखेरपर्यंत दिली.

जुलैचे दिवस होते. मलिहाबादला घरची आमराई असलेल्या वर्गातल्या झोयाने मॅडमसाठी पिशवीभर दशहरी आंबे आणले आणि टेबलावर ठेवले. वासावर खिडकीतून सात गांधीलमाश्या आल्या. आठवी 'ब'च्या बेचाळीस मुलांचे चौऱ्याऐंशी हात वर गेले आणि तास संपेपर्यंत वरच राहिले. निर्देशांक: दोनशे.

मैत्रेयीने खरं काय ते ताबडतोब सांगितलं. निगमसाहेबांनी तो तिचा विनय समजून पुन्हा चहा मागवला. आठवड्यात परिपत्रक निघालं. 'सजीव उद्दीपक पद्धती'नुसार प्रत्येक वर्गात दोन पिकलेले आंबे, एक उघडी खिडकी आणि किमान पाच गांधीलमाश्या असाव्यात. शिक्षकांचं तीन दिवसांचं प्रशिक्षण झालं. दशहरी संपल्यावर चौसा आला, चौसा संपल्यावर गुळावर भागवलं. चिनहटच्या एका कारखान्याने माश्यांची पोळी टांगायला स्टँड करून दिले. सकाळी आधी माश्यांची हजेरी होई, वेळ उरला तर मुलांची. आठवी 'क'च्या सत्यजित सरांच्या माश्या सुस्त आढळल्या, त्यांच्याकडून खुलासा मागितला गेला. सुजलेला गाल ही दृश्य स्वरूपाची अध्ययन-निष्पत्ती समजावी, असं पुरवणी परिपत्रकात आलं.

मग एक माशी झोयाच्या पापणीला चावली. मैत्रेयीने उठून खिडकी लावून घेतली, गूळ बाहेर फेकला आणि शिकवायला लागली. निर्देशांक तीनवर आला.

मी तिला जिन्यातच गाठलं. म्हटलं, मुदत पंधरा दिवसांवर आली, तेवढे दिवस खिडकी उघडी ठेव. एकदा कायम झालीस की खुशाल खिळे ठोक.

"काका, त्या पोरीचा डोळा उघडत नाहीये," एवढंच बोलून ती वर गेली.

निगमसाहेब लोकशाहीवादी. त्यांनी पालकसभा बोलावली. माझा नातू सुश्रुत आठवी 'ब'तच, म्हणून मीही गेलो. सभेआधी पोर्चमध्ये सगळे कुजबुजत होते की हा काय मूर्खपणा चाललाय. त्याच्या वर्गातल्या वेदिकाच्या आईने तर पर्समध्ये मलम बाळगलं होतं. पण सभेत रेल्वेतले चंद्रकांत उठले आणि म्हणाले, "हे बघा, माशा मलाही नकोत. पण पलीकडच्या शाळेत भुंगे आणलेत म्हणे. उद्या ॲडमिशनला निर्देशांक विचारला तर मी काय खिडकी बंद होती म्हणून सांगू?"

खिडकी उघडी ठेवण्याच्या बाजूने कोण, असं निगमसाहेबांनी विचारताच सगळे हात वर गेले. वेदिकाच्या आईचा मलमासकट.

निगमसाहेब मनाने वाईट नाहीत. पद्धतीच्या जननीला घरी कसं पाठवायचं म्हणून त्यांनी मैत्रेयीला तिथेच कायम केलं. पद: समन्वयक, खिडक्या व गूळ. शिकवण्याच्या त्रासातून कायमची मुक्तता. टाळ्या झाल्या.

मैत्रेयी उभी राहिली. रडली नाही, भांडली नाही. इतक्या दिवसांत मुलं माझ्याकडे काय शिकली, हे कुणाला विचारायचंय का, एवढं तिने विचारलं.

सभागृहात एकही हात वर झाला नाही. माझाही नाही.

तुम्ही गालातल्या गालात हसू नका. तिची टक्केवारी तुमच्या लक्षात आहे, नोकरीचं काय होतंय याचीही तुम्हाला काळजी लागली होती. पण मैत्रेयी विषय कोणता शिकवत होती, हे मी कुठेच सांगितलेलं नाही. तुम्ही तरी कुठे विचारलंत?