येसाजीची मान आणि दोन दिवाभीतराव

एका जंगलात, टेकडीवरच्या सावरीच्या झाडावर येसाजी नावाचा करकोचा राहायचा. बायको राही, दोन पिल्लं आणि एक लांबलचक मान, एवढाच त्याचा संसार.

एके सकाळी, बाळांनो, येसाजीच्या मानेत कळ आली. ती खांद्यातून उतरत डाव्या पंखाच्या टोकापर्यंत गेली. पंखाला मुंग्या आल्या. खऱ्या मुंग्या नव्हेत. त्या निदान झटकता तरी आल्या असत्या. माशांचं तळं होतं दोन टेकड्यांपलीकडे. अर्ध्या वाटेतच पंख गळायचा आणि येसाजी रिकाम्या चोचीने परतायचा. तीन दिवस पिल्लं अर्धपोटी झोपली.

राही म्हणाली, "अहो, तुम्ही घरटं राखा. घारीवर नजर ठेवा. मासे मी आणते."

"कर्त्या करकोच्याने घरी बसायचं?" येसाजी म्हणाला, आणि मान हलवायला गेला. ती हलली नाही.

त्या जंगलात नुकतीच एक सुधारणा झाली होती. नदीकाठी एक पोकळ खोड आडवं पडलं होतं. दुखणेकऱ्याने त्यात सरपटत शिरायचं आणि हालचाल न करता पडून राहायचं. बाहेरून सुतारपक्षी ठकठक करायचा. का, ते त्यालाही ठाऊक नव्हतं. मग अंधारात पाहू शकणारे थोरले दिवाभीतराव घुबड दुखणेकऱ्याच्या मानेच्या आत पाहायचे, आणि ते सांगतील तसं चित्र कोळी जाळ्यावर विणायचा. चित्रावरून प्रत ठरायची. नस मोकळी असेल तर शून्य. जरा दाटीत असेल तर एक. चांगलीच दाटीत असेल तर दोन. पार चिरडली असेल तर तीन. सिंहमहाराजांचा हुकूम होता, की दोनच्या खाली उपचार नाहीत.

येसाजी ठकठक सोसून बाहेर आला.

"प्रत एक," थोरले दिवाभीतराव म्हणाले.

धाकट्या दिवाभीतरावांनी जाळं उलटं धरलं, मग सुलटं. "दादा, मला दोन दिसतेय."

"पण मला दुखतंय," येसाजी म्हणाला.

"ते चित्रात येत नाही," दोघंही म्हणाले. तेवढ्यावर त्यांचं एकमत होतं.

येसाजीने दीड चालेल का विचारलं. दीड ही प्रतच नव्हती. मग दोघा भावांनी जाळं मध्ये ठेवलं आणि वाद सुरू केला. येसाजी एका फांदीवर वाट पाहत बसला. दुपार कलली. पिल्लांची आठवण येऊन त्याला रडू फुटलं, पण मान खाली घालता येईना, म्हणून तो ताठ मानेने रडला.

खालून म्हाळसाआजी कासवीण चालली होती. शंभर वर्षं मान आत-बाहेर करून तिला त्या विषयातलं थोडंफार कळत असे.

"का रे बाबा, रडतोस?" तिने विचारलं.

आठवड्यात हा प्रश्न त्याला प्रथमच कोणी विचारला होता. त्याने सगळं सांगितलं. आजीने त्याला पंख उचलायला लावला, मान इकडेतिकडे वळवायला लावली. डावीकडे वळताच तो कळवळला.

"झोपताना मान कुठल्या कुशीला खुपसतोस?"

"डाव्या. उजवीकडे पिल्लं असतात."

"आजपासून पिल्लं डावीकडे घे. मान उजवीकडे. महिनाभर लांब उडायचं नाही. बायकोला मासे आणू दे."

"लोक काय म्हणतील?"

"पिल्लं काय म्हणतात ते ऐक," आजी म्हणाली आणि मान आत घेऊन चालू लागली.

येसाजी महिनाभर घरटं राखत बसला. दोनदा त्याने घारीला चोच दाखवून पळवून लावलं. राही रोज मासे आणी, आणि आल्यावर बोलून दाखवत नसे, हे तिचे उपकारच. हळूहळू मुंग्या गेल्या. एका सकाळी तो तळ्यापर्यंत उडाला आणि भलामोठा मरळ मासा घेऊन आला.

त्याच दुपारी सुतारपक्षी निरोप घेऊन आला. दिवाभीतरावांचं एकमत झालं होतं. प्रत दोन.

येसाजी धावत गेला. "मी बरा झालो," तो म्हणाला, आणि झाडाभोवती तीन घिरट्या घालून दाखवल्या.

थोरल्यांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. ते जाळ्याकडे पाहत होते. "असं कसं होईल? इथे स्पष्ट दोन आहे. मानेला बांबू बांधून सहा महिने पडून राहावं लागेल. उडायचं मुळीच नाही."

"आणि पिल्लं?"

"ती चित्रात नाहीत," धाकटे म्हणाले.

बांबू आणायला अस्वल गेलं. ते परत येईपर्यंत येसाजी, राही आणि नुकती उडायला शिकलेली दोन्ही पिल्लं नदी ओलांडून पलीकडच्या जंगलात पोचली होती. तिथे खोड होतं, पण त्यात साळिंदर राहायचं.

इकडे म्हाळसाआजीला, चित्र न पाहता बरं केल्याबद्दल, दरबारात समज मिळाली. उपचार मात्र येसाजीवाचून अडला नाही. दिवाभीतरावांनी जाळ्यालाच बांबू बांधला. सहा महिन्यांनी तपासलं तेव्हा चित्रात कणभरही बिघाड झालेला नव्हता.

तात्पर्य: बाळांनो, मान दुखली तर आधी तिचं चित्र काढून घ्या. तुमचं काहीही होवो, चित्राची काळजी चांगली घेतली जाते.