हरीशकाका पहिल्यांदा नाहीच म्हणतात

मी लोकांना फुकट सल्ला देतो. पुण्यात जन्मलेला प्रत्येक माणूस हे करतो, मला मान्य आहे. पण माझ्याकडे त्याचं ओळखपत्र आहे. जांभळ्या फितीचं, गळ्यात अडकवायचं. त्यावर माझा फोटो आणि खाली लिहिलेलं: प्रणव, स्वयंसेवक सल्लागार. माझे मामा, दोन्ही काका आणि सोसायटीचे सेक्रेटरी आयुष्यभर विनापरवाना काम करत आले, हे ते गळ्यात पडल्यावर माझ्या लक्षात आलं.

इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकमध्ये मी एका बँकेच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधतो. समाजसेवेसाठी कंपनी मंगळवारी अर्धा दिवस सोडते. बाकीचे त्यात झाडं लावतात. मला माती आवडत नाही म्हणून मी माणसं निवडली. लायब्ररीच्या मागे, एका बंद पडलेल्या बेकरीच्या जागेत आमचं सल्ला केंद्र आहे. भाड्याचा, नोकरीचा, बिलांचा घोळ घेऊन लोक येतात आणि आम्ही चहा देतो.

ट्रेनिंग दोन महिने चाललं. त्याचं सार एवढंच, की सल्ला केंद्रात सल्ला द्यायचा नाही. पर्याय मांडायचे. निर्णय क्लायंटचा. क्लायंट 'नाही' म्हणाला की ते 'नाही' शिरसावंद्य मानायचं आणि फाइल बंद करायची. आमच्या मॅनेजर जिलियन हे सगळं इतक्या हळू आवाजात शिकवायच्या, की शेजारच्या खोलीत कुणीतरी आजारी आहे असं वाटायचं.

मी त्या बॅचमधला सर्वोत्तम होतो. जिलियन तसं म्हणाल्या नाहीत, पण इंग्रज माणसं मनातलं बोलतात कुठे.

तर जानेवारीतल्या एका मंगळवारी हरीशकाका आले. मूळचे ठाण्याचे, इथे येऊन तीस-पस्तीस वर्षं झालेली, आता रिटायर्ड. कानटोपी, मफलर, कोट, कोटावर आणखी एक कोट. आत आल्यावर त्यांनी यातलं काहीही काढलं नाही. उलट रेडिएटरकडे असं पाहिलं, जसं आपण परदेशात अचानक भेटलेल्या शाळासोबत्याकडे पाहतो.

"घर गरम करायचा बॉयलर बंद आहे रे," ते म्हणाले. "पंधरवडा झाला."

"घरमालकाला कळवलंत?"

"हाउसिंग असोसिएशनचा भाड्याचा फ्लॅट आहे आमचा, घरमालक तेच. कळवलं ना. तीन वेळा माणूस आला. तिन्ही वेळा परत गेला. आता फोन केला की म्हणतात, तुम्हीच दुरुस्ती नाकारलीत."

"तुम्ही नाकारलीत?"

"छे. मी कशाला नाकारू?"

"मग झालं काय?"

"काही नाही. तो आला. म्हणाला, तासभर लागेल, चालेल ना, की दुसरा दिवस बघू? मी म्हटलं, नो नो, प्लीज डोन्ट टेक ट्रबल. दमून आला होता बिचारा."

"आणि?"

"आणि काय? निघून गेला." काकांचा आवाज दुखावलेला होता. "माणसाने निदान एकदा तरी पुन्हा विचारायचं की नाही?"

मला ताबडतोब सगळं कळलं. आमच्याकडे पहिला नकार हा नकार नसतो, ते नुसतं घसा साफ करणं असतं. दुसरा शोभेचा. तिसऱ्यांदा आग्रह झाला की माणूस 'बरं, तुम्ही एवढं म्हणताय तर' म्हणतो आणि ताट पुढे ओढतो. असोसिएशनच्या मेकॅनिकला हे कुणी सांगितलं नव्हतं. तो दर वेळी पहिल्याच 'नो'वर टॅबलेटवर टिकमार्क करून व्हॅनमध्ये बसत होता.

"काका, शुक्रवारपर्यंत थंडी वाढणार आहे."

"तेच तर." काकांनी खुर्ची पुढे ओढली. "ऋजुता, माझी मुलगी, कार्डिफला असते. तिला मुलगी झाली. शुक्रवारी बाळाला घेऊन माहेरी येतेय. तिची आई महिनाभर तिथेच आहे. तिला यातलं काही माहीत नाही."

"काकूंना सांगितलं नाहीत?"

"रोज फोनवर विचारते, घर गरम ठेवताय ना. मी हो म्हणतो."

म्हणजे हा माणूस 'हो' म्हणू शकत होता. फक्त चुकीच्या ठिकाणी म्हणत होता.

"मी असोसिएशनला फोन करू का?" मी विचारलं.

"नको रे, कशाला तुला त्रास."

नेमक्या त्याच वेळी जिलियन माझ्या मागे येऊन उभ्या होत्या. त्यांना मराठी येत नाही, पण हात हलवलेला कळतो. "त्यांनी नको म्हटलं का?" त्यांनी हळूच विचारलं.

"हो. पण तो पहिला नको आहे."

"प्रणव, पहिला आणि शेवटचा असं काही नसतं."

"आमच्याकडे असतं."

जिलियननी माझ्या खांद्यावर हात ठेवला. इंग्लंडमध्ये खांद्यावर हात म्हणजे लेखी ताकीद. मी काकांना आणखी दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा ते म्हणाले, "बरं, तू एवढं म्हणतोयस तर कर." जिलियनचा चेहरा असा झाला, जणू मी त्यांच्यासमोर एका म्हाताऱ्याचा हात पिरगाळला होता.

फोन स्पीकरवर टाकला. पलीकडच्या बाई भलत्याच गोड होत्या. गुरुवारची वेळ रिकामी होती. फक्त एक औपचारिकता. "सर, तुमच्या वतीने प्रणवने बोललेलं तुम्हाला चालेल ना?"

काका फोनच्या जवळ वाकले. "नो नो. ही इज व्हेरी बिझी बॉय. लेट हिम गो होम अँड ईट."

पलीकडचं टाइपिंग थांबलं.

"काका, हो म्हणा," मी कुजबुजलो. फोनला कुजबुज छान ऐकू येते.

"सर, तुमच्यावर कुणी दबाव आणतंय का?"

"नो नो," काका म्हणाले. हा त्यांचा आयुष्यातला पहिला खराखुरा नकार होता. पण इतक्या 'नो नो'नंतर त्यावर कोण विश्वास ठेवणार?

बाईंनी गुरुवारची वेळ दिली. सोबत एक तक्रारही नोंदवली. बुधवारी दुपारी जिलियनचा मला ऑफिसात फोन. त्या नेहमीपेक्षाही हळू बोलत होत्या, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

"एका ज्येष्ठ नागरिकावर एक तरुण सतत दबाव टाकतोय, अशी चिंता आमच्यापर्यंत आली आहे."

"अरेरे. कोण आहे तो?"

"तू."

मी गुन्हेगार झालो होतो आणि तेही जांभळ्या फितीत. माझी बाजू मी मांडली. आग्रह म्हणजे काय, तीन नकारांची पद्धत, श्रीखंडाची वाटी, सगळं सांगितलं. जिलियननी सगळं ऐकून घेतलं आणि निर्णय दिला. गुरुवारी मी काकांकडे जायचं, कारण काकांना आधार हवा. त्या स्वतः सोबत येणार, कारण काकांना माझ्यापासून संरक्षण हवं. आणि मी तिथे एक शब्दही बोलायचा नाही.

मी गुरुवारची रजा टाकली. कंपनीतल्या मॅनेजरने कारण विचारलं. मी म्हटलं, एका ठिकाणी गप्प बसायला जायचंय.

काकांचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर होता. आत इतकी थंडी, की बाहेर जाऊन जरा ऊब घ्यावी असं वाटलं. बाळाचा पाळणा हॉलमध्ये मांडून ठेवला होता. त्यावर काकांनी स्वतःची शाल घातली होती. मला त्या शालीकडे फार वेळ बघवलं नाही.

"काका, आज फक्त येस म्हणायचं," खाली न्यायला आलेल्या काकांना मी जिन्यातच सांगून घेतलं होतं. जिलियन तेव्हा गाडी लावत होत्या.

"येस," काका म्हणाले. तोंडातून वाफ निघाली.

मेकॅनिक आला. तरुण, लाल दाढीचा, नाव कॅलम. स्वयंपाकघरातल्या कपाटात डोकं घालून त्याने बॉयलर पाहिला आणि बाहेर येऊन म्हणाला, "तासभर लागेल. सुरू करू ना, सर?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. जिलियननी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे पाहिलं. तिथे सिद्धिविनायकाचं कॅलेंडर होतं आणि मी त्याच्याशी थेट वाटाघाटी सुरू केल्या.

काकांनी तोंड उघडलं. ते 'ये' पर्यंत आले होते, मी शपथेवर सांगतो. पण तेवढ्यात कॅलमने जांभई दिली.

"ओ नो नो," काका म्हणाले. "यू आर टायर्ड. समटाइम लेटर."

कॅलमने टॅबलेट काढला. माझा हात आपोआप वर गेला. जिलियननी तो खाली केला.

आणि कुलपात किल्ली फिरली. दारात रेखाकाकू. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात डिंकाच्या लाडवांचा डबा. बाळाची तयारी करायला त्या एक दिवस आधीच कार्डिफहून निघून आल्या होत्या, ट्रेनने, न कळवता. घरात शिरल्या आणि थबकल्या.

"अहो, घरात कानटोपी कशाला?"

"अगं, ते फॅशन..."

काकूंनी रेडिएटरला हात लावला. मग काकांकडे पाहिलं. घरातलं तापमान आणखी उतरलं.

"आणि ही कोण मंडळी?"

"हा प्रणव, ह्या त्याच्या मॅडम. आणि हा बॉयलरवाला, पण तो चाललाय. मी म्हटलं, कशाला त्रास."

काकूंनी कोट काढला नाही, दाराला आतून कडी घातली आणि डबा उघडला. "सिट," त्या कॅलमला म्हणाल्या.

"मला काही नको, थँक्स," कॅलम म्हणाला.

काकूंनी लाडू बशीत ठेवला.

"खरंच नको. आम्हाला भाडेकरूंकडून काही घेता येत नाही."

दुसरा लाडू ठेवला.

"एक्स्क्यूज मी," जिलियन अगदी हळू म्हणाल्या, "तो नको म्हणतोय."

"ही इज शाय," काकू म्हणाल्या आणि जिलियनच्या हातातही बशी दिली. "यू ऑल्सो. सो थिन."

दोन महिने मला नकाराचा आदर शिकवणारी बाई हातातल्या बशीकडे बघत राहिली. तिच्या पॉलिसीत बशीवर कलम नव्हतं.

कॅलमने दाराकडे पाहिलं. दारापुढे काकू. खिडकीकडे पाहिलं. दुसरा मजला. मग त्याने लाडू खाल्ला. काकूंनी पोहे टाकले. त्याने पोहे खाल्ले. काकू तिसऱ्यांदा वाढायला वळल्या तसा तो ताडकन उठला. "मी बॉयलर करतो," म्हणाला आणि कपाटात शिरला. त्या घरात पोह्यांपासून सुरक्षित अशी ती एकमेव जागा होती.

तासाभराने रेडिएटरमध्ये खळखळ झाली. काकांनी त्यावर दोन्ही हात ठेवले. मग पाळण्यावरची शाल उचलून त्यांनी घडी घातली.

कॅलम लाडवांचं पाकीट घेऊन गेला. जिलियन दोन घेऊन गेल्या. माझ्यावरची तक्रार त्यांनी दुसऱ्याच दिवशी निकाली काढली. आता केंद्रात प्रत्येकाला प्रत्येक गोष्ट तीनदा विचारतात. परवा एक गृहस्थ नुसते टॉयलेट विचारायला आले होते, ते पेन्शनचा अर्ज भरून गेले.

त्या शनिवारी मी बाळ बघायला गेलो. घर इतकं उबदार होतं, की काका बनियनवर खुर्चीतच झोपले होते. काकू आतल्या खोलीत बाळाला तेल लावत होत्या. ऋजुताने दार उघडलं होतं. तिचा जन्म, शाळा, सगळं इथलंच. तिने माझे मनापासून आभार मानले. "तू बाबाची बॉयलर केली ना, सो काइंड."

मी पाच मिनिटं बाळ पाहिलं, खेळणं दिलं आणि उठलो. स्वयंपाकघरातून मसालेभाताचा वास येत होता. त्या मसालेभातासाठी मी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं.

"जेवणार काय?" ऋजुताने विचारलं. "मम्मीने खूप केली आहे."

"नको नको," मी म्हटलं. "निघतोच मी."

"ओके," ती हसून म्हणाली. "बाय." आणि दार लावून घेतलं.

मी थोडा वेळ जिन्यात उभा राहिलो. बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली. दुसऱ्यांदा विचारायला कोणी आलं नाही.