मधला भाग

"बाबा, मधला भाग तर अप्रतिम! पुस्तक खाली ठेववेना," जावईबापू फोनवर म्हणाले आणि पुस्तक उशाशी ठेवून पंख्याखाली आडवे झाले.

विमा कचेरीतल्या या गृहस्थांनी वर्षाच्या सुरुवातीला चारचौघांत जाहीर केलं होतं, दर आठवड्याला एक पुस्तक! पहिली काही त्यांनी मनापासून वाचली. मग कामाचा रगाडा वाढला आणि एक युक्ती सुचली. मलपृष्ठावरचा मजकूर वाचायचा, सुरुवातीची चार पानं, शेवटचं पान. मधलं साधारण कळतंच. कचेरीत लोक 'ग्रंथराज' म्हणू लागले. मनाला ते टोचायचं. टोचलं की ते पुढचं पुस्तक उघडायचे.

सासरे वजनमापं तपासणारे निरीक्षक होते. पारड्याखाली चिकटवलेलं मेण शोधण्यात त्यांचा उभा जन्म गेला. निवृत्तीनंतर त्यांनी कादंबरी लिहिली, पदरमोड करून छापली आणि पहिली प्रत जावयाच्या हातात ठेवली. "आपल्या घरात वाचणारे तुम्ही एकटेच. तुमच्या शब्दावर माझी भिस्त आहे," ते म्हणाले होते.

आता फोनवर 'अप्रतिम' ऐकून सासरे गहिवरले. "अहो, त्याच भागानं माझा घाम काढला! रविवारी मित्रमंडळी येणार आहेत. सगळ्यांनी वाचलंय म्हणे. तो भाग तुम्हीच वाचून दाखवा."

"आधी एकदा नजर तरी टाका त्यावर," फोन ठेवल्यावर बायको म्हणाली.

"वाचलेलं काय परत वाचायचं?"

रविवारी भरल्या खोलीत जावईबापूंनी ऐटीत पुस्तक मधोमध उघडलं. डाव्या पानावर नायक जिना चढत होता. उजव्या पानावर छापलं होतं, 'पंप सुरू करण्यापूर्वी टाकीतील पाण्याची पातळी तपासावी.' पुढचं पान पंपाचं. त्याच्या पुढचंही पंपाचंच. छापखान्यानं बांधणीत भलत्याच पुस्तकाची पानं घुसडली होती.

सांगावं, तर मग अप्रतिम काय वाटलं होतं? पंप? शेवटच्या पानावर नायक खिडकीत 'तिची' वाट पाहत उभा होता, एवढं जावईबापूंना आठवलं. म्हणजे ती कुठंतरी असणारच! त्यांनी घसा खाकरला आणि पंपाकडे बघत सुरुवात केली.

"नायक जिना चढला. दारात ती उभी होती. 'आलात? थांबा, चहा टाकते,' ती म्हणाली..."

मग त्यांनी तिला चहा करायला लावला, भांडायला लावलं, रुसवा काढून गाणंसुद्धा म्हणायला लावलं. मंडळी डोलू लागली. निवृत्त पोस्टमास्तरांनी तर डोळे पुसले. "अगदी ह्याच पानावर मीपण रडलो होतो!" ते म्हणाले.

सासरे उठले. त्यांनी जावयाच्या हातातून पुस्तक घेतलं आणि पंपाचं पान शांतपणे वाचलं.

"जावईबापू," ते हळूच म्हणाले, "ती तर दुसऱ्या प्रकरणातच वारली."

पोस्टमास्तर चपला शोधू लागले. बाकीच्यांनाही एकाएकी कामं आठवली. जावईबापूंची मान वर होईना. धरणीनं पोटात घ्यावं असं वाटत होतं, आणि बायको तर समोरच बसली होती.

"चुकलं, बाबा. मी वाचलंच नाही."

"मापातलं पाप जन्मभर पकडत आलो," सासरे म्हणाले. "घरात पकडावं लागेल, असं नव्हतं वाटलं." ते रागावले असते तर बरं झालं असतं.

छापखान्यानं दुरुस्त प्रती दिल्या. जावईबापूंनी स्वतः जाऊन एक मागून आणली. "ग्रंथराज, ह्या आठवड्यात कोणतं?" कचेरीत विचारणा झाली. "तेच," ते म्हणाले. पुढच्या आठवड्यातही तेच, आणि त्याच्या पुढच्याही. लोकांनी विचारायचं सोडलं. शेवटी एका संध्याकाळी त्यांनी फोन लावला.

"बाबा, संपलं. ती गेली, तिथं रडू आलं."

"ते कुणालाही येईल," सासरे कोरडेपणानं म्हणाले. "मधला भाग?"

बायको कान देऊन बसली होती.

"रटाळ आहे, बाबा. नायक नुसता जिनाच चढतोय."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. आता सासरही तुटलं, असं जावईबापूंना वाटलं.

"आज वजन बरोबर भरलं," सासरे म्हणाले. "थांबा, चष्मा आणि पेन घेतो. कुठल्या पायरीपासून कंटाळा आला, तेवढं सांगा."