सूर्य दाबला की गार

त्या घरात गार हवा हवी असली तर सूर्याचं बटण दाबावं लागे. सासूबाईंच्या खोलीत भिंतीवर एक पट्टी होती आणि तिच्यावर दोन बटणं. एकावर सूर्य, दुसऱ्यावर बर्फाची चांदणी. सूर्य दाबला की खोली गार, चांदणी दाबली की भट्टी. तीन वर्षं असंच चाललं होतं. बरं, घर कुणा अडाण्याचं नव्हतं. घरोघरी गरम-गार हवेची यंत्रं बसवणाऱ्या कंत्राटदारांच्या संघटनेचे अध्यक्ष, म्हणजे सासूबाईंचे चिरंजीव, त्या घरात राहत होते, आणि यंत्र त्यांनी स्वतःच्या हातांनी बसवलं होतं. बसवताना नारिंगी तार चुकीच्या जागी गेली, हे त्यांना त्याच दिवशी कळलंही होतं. "तात्पुरतं असू दे, रविवारी बदलतो," असं ते म्हणाले होते. हे वाक्य त्यांनी एखाद्या नेमासारखं पाळलं. तीन वर्षांत म्हणायचा एक रविवार चुकला नाही.

मधल्या काळात त्यांना वेळ नव्हता, कारण ते संघटनेसाठी आचारसंहिता लिहीत होते. एकवीस कलमं होती. कारागिराने ग्राहकाच्या घरात पाय टाकण्यापूर्वी काय करावं इथपासून निघताना काय म्हणावं इथपर्यंत सगळं त्यात होतं. शेवटच्या पानावर तक्रारीसाठी फोन नंबर छापला होता. कलमं छापल्या दिवसापासून लागू होती. पुस्तक छापून आलं तेव्हा पहिली प्रत त्यांनी कौतुकाने बायकोला दिली. तिने ती वाचली. घरात कुणी वाचेल, ही शक्यता त्यांनी धरली नव्हती.

त्याच आठवड्यात भर उन्हाळ्यात नणंदबाई राहायला आल्या. दुपारी सासूबाईंच्या खोलीत आडव्या झाल्या, समजूतदारपणे चांदणी दाबली आणि झोपल्या. चार वाजता त्या बाहेर आल्या तेव्हा उकडलेल्या बटाट्यासारख्या दिसत होत्या.

"वहिनी, घरी आलेल्या माणसाला असं घालवतात होय?" त्या म्हणाल्या.

"अहो ताई, सूर्य दाबायचा असतो."

"मग चांदणी काय शोभेला आहे?"

बायकोने अध्यक्षांकडे बघितलं. त्यांच्याकडे उत्तर तयार होतं. ते म्हणाले, "रविवारी बघतो."

सोमवारी सकाळी बायकोने शेवटचं पान उघडलं आणि फोन लावला. संघटनेच्या कार्यालयातल्या बाईंनी अर्ज पुढे ओढला.

"काय तक्रार आहे?"

"थंड दाबलं की गरम येतं."

"किती दिवस झाले?"

"तीन वर्षं."

"मग बसवणाऱ्याला सांगितलं नाहीत?"

"रोज सांगते. जेवायला वाढताना."

बाईंनी पुढचा रकाना गाठला. "त्यांचं नाव?"

"नाव काय घ्यायचं. ओळखीचे होते."

"तरीच," बाई लिहिता लिहिता म्हणाल्या. "ओळखीचा माणूस काम फुकट करतो आणि नंतर ओळख देत नाही."

तासाभरात तो कागद अध्यक्षांच्या टेबलावर आला. पत्ता वाचून त्यांनी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचला. पत्ता तोच राहिला. एरवी त्यांनी तो कागद खणात ठेवून रविवारची वाट पाहिली असती, पण त्याच दिवशी संध्याकाळी सहाला वार्षिक सभा होती. सभेत त्यांच्या हस्ते आचारसंहितेचं प्रकाशन होतं आणि पुढच्या तीन वर्षांसाठी त्यांचीच निवड व्हायची होती. आणि कलम दोन सांगत होतं की, ज्या सभासदाविरुद्ध तक्रार उघडी आहे त्याने त्या दिवशी व्यासपीठावर बसू नये आणि पद घेऊ नये. हे कलम त्यांनी उपाध्यक्षांना डोळ्यांपुढे ठेवून लिहिलं होतं, कारण उपाध्यक्षांविरुद्ध एक तरी तक्रार कायम उघडी असे. नेमकी या आठवड्यात एकही नव्हती. आणि ज्या तक्रारीत कारागिराचं नाव नसेल, ती बंद होईपर्यंत अध्यक्षांच्या नावावर धरली जाई.

कलम नऊप्रमाणे तक्रारीच्या घरी अध्यक्षांनी स्वतः जायचं होतं आणि साक्षीला दुसऱ्या फर्मचा सभासद न्यायचा होता. उपाध्यक्ष पेन खिशाला लावून तयारच बसले होते. सहा वर्षं ते उपाध्यक्ष होते. इतकं गोड बोलत की मुंग्या लागाव्यात.

दार बायकोने उघडलं. "ओळखपत्र?"

"अगं, मी आहे."

"कलम तीन," ती म्हणाली.

ओळखपत्र गाडीत होतं. ते आणलं. मग बुटांवर चढवायच्या आवरणांचा विषय निघाला; तेही कलमात होतं. अध्यक्षांकडे आवरणं नव्हती. कलम लिहिणाऱ्याला ती लागतील असं कुणाला वाटणार. बायकोने स्वयंपाकघरातून भाजीच्या दोन प्लास्टिकच्या पिशव्या आणून दिल्या. त्या पायांत बांधून अध्यक्ष स्वतःच्या घरात चुरचुर आवाज करत शिरले. उपाध्यक्षांनी खिशातून स्वच्छ निळी आवरणं काढली.

"वहिनी, आधी कुणी केलं होतं हे काम?" उपाध्यक्षांनी पट्टीचं झाकण उघडल्या उघडल्या विचारलं.

"होते एक. तात्पुरतं म्हणाले होते."

उपाध्यक्ष अध्यक्षांकडे वळले. "तुमचं मत काय अध्यक्षसाहेब? नोंदवून घ्यायला लागेल."

इथे कलम चार आडवं आलं. दुसऱ्याच्या घरी गेल्यावर "कुठल्या गाढवाने बसवलंय हे?" असं विचारायची या धंद्यात जुनी रीत आहे. त्याशिवाय हातात पक्कड धरवत नाही. कलम चारने ती रीत मोडली होती. आधीच्या कारागिराची निंदा करू नये, असं त्यात जाड अक्षरांत होतं. आयुष्यात पहिल्यांदाच अध्यक्षांना ते कलम मनापासून पटलं.

"आधीच्या कारागिराने," ते जपून म्हणाले, "वेगळा विचार केला होता."

"विचार केला होता, हे लिहू ना नक्की?" उपाध्यक्षांनी विचारलं.

"लिहा."

अध्यक्षांनी नारिंगी तार काढून योग्य जागी बसवली आणि झाकण लावलं. चार मिनिटं लागली. बायकोने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग कॅलेंडरकडे पाहिलं.  

आता फक्त सही राहिली. कलम सतरा: खोली रोज जो वापरतो त्याने काम तपासून समाधानाची सही केल्याशिवाय तक्रार बंद होत नाही. खोली सासूबाईंची होती. वय एक्याऐंशी, डोळे शाबूत, आणि सही करण्यापूर्वी कागद वाचायची सवय. त्यांनी पुढे होऊन सूर्य दाबला. गरम वारा थेट तोंडावर आला.

"बिघडवलंस," त्या म्हणाल्या.

"आई, आता नीट झालंय. गार हवं तर चांदणी दाबायची."

"का?"

"चांदणी म्हणजे बर्फ. बर्फ म्हणजे गार."

"अरे, बाहेर ऊन पडलं की मी सूर्य दाबते. बाहेर गारठा असला की बर्फ दाबते. जो त्रास असेल त्याचं बटण. तापाच्या बाटलीवर ताप लिहिलेलं असतं. म्हणून काय ती घेऊन ताप येतो?"

 उपाध्यक्षांनी लिहिणं थांबवलं, कारण त्यांनाही ते पटलं होतं.

"पण सगळ्या जगात असंच असतं आई."

"असेल. जगाला माझ्या खोलीत झोपायचं नाहीये. ज्याने आधी बसवलं तो माणूस शहाणा होता. जसं होतं तसं करून दे, सही करते."

अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं. सव्वापाच. "आई, ते चुकीचं होतं," असं म्हणावं तर कलम चार. "चूक मीच केली होती," असं म्हणावं तर साक्षीदार पेन उघडून उभा. त्यांनी आशेने बायकोकडे पाहिलं. "अगं, तक्रार तुझी आहे ना? सांग तू."

"मी काय सांगू," बायको म्हणाली. "सही आईंची. कलम सतरा."

"आणि ताई पुन्हा आली म्हणजे?"

"ताईंना पंखा लावून देईन."

अध्यक्ष पिशव्यांसकट पुन्हा पट्टीकडे वळले. नारिंगी तार काढली आणि तीन वर्षं जिथे होती तिथे परत बसवली. या खेपेला तीनच मिनिटं लागली. चुकीच्या जागेचा हाताला सराव होता. सासूबाईंनी सूर्य दाबला. गार झुळूक आली. त्यांनी कागद पहिल्या ओळीपासून वाचला आणि ठसठशीत सही केली.

उपाध्यक्षांनी साक्षीदाराचा अहवाल तिथेच पूर्ण केला आणि गोड आवाजात वाचून दाखवला. "आधीच्या कारागिराचं काम ग्राहकाच्या गरजेला धरून आणि समाधानकारक होतं. सध्याच्या कारागिराने विनाकारण ते बिघडवलं. ग्राहकाने समजावून सांगितल्यावर पूर्ववत करून दिलं. तक्रार बंद." मग कागद पुढे केला. "अध्यक्षांची सही इथे."

अध्यक्षांनी सही केली. शाबासकीही त्यांचीच होती आणि ठपकाही, पण अहवालात नाव ठपक्याखालीच आलं.

सहाच्या सभेत प्रकाशन झालं, टाळ्या झाल्या, अध्यक्षांची फेरनिवड झाली. त्यानंतर उपाध्यक्षांनी कलम बावीस मांडलं: सभासदाच्या घरच्यांकडून आलेली तक्रार घेऊ नये. ते अर्ध्या मिनिटात मंजूर झालं. चर्चा नाही, दुरुस्ती नाही, सगळे हात एकदम वर. एवढं एकमत संघटनेत याआधी फक्त चहाच्या बाबतीत झालं होतं.

रात्री अध्यक्ष घरी आले तेव्हा बायको जेवणाच्या टेबलाशी समाधानपत्राची ग्राहकाची प्रत भरत बसली होती. सगळे रकाने भरले होते. एकाच प्रश्नापाशी पेन अडलं होतं.

"अहो, इथे विचारलंय, याच कारागिराला पुन्हा बोलवाल का?"

"मग लिही ना हो म्हणून."

"लिहिते. पण कुठल्या?" ती म्हणाली. "आधीचा बरा होता म्हणतात, पण तो यायचा नाही. आत्ताचा आला, तर त्याने येऊन काय केलं ते बघितलंच."

अध्यक्षांनी ताट पुढे ओढलं. "रविवारी सांगतो," ते म्हणाले.