कौसाच्या नखांचा रंग

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे म्हशीची सकाळची धार. धार मी काढली. माझी बायको कौसा म्हशीच्या तोंडाशी बसून तिच्याशी गप्पा मारत होती, कारण तिचा आवाज ऐकल्याशिवाय म्हैस पान्हा सोडत नसे. मग धार तिनंच का काढली नाही? तर तिच्या दहाही बोटांना नखपॉलिश होतं आणि ते जायला नको होतं.

शेळगावात साठीची बाई नखं रंगवून हिंडते म्हटल्यावर लोक बघणारच. कौसाला त्याचं काही नव्हतं. खुरपायला जाताना ती जुन्या लुगड्याच्या चिंध्या बोटांच्या टोकांना बांधायची. बांधावरून बाया विचारायच्या, "कौसाबाई, समदी बोटं कापली का गं?"

"व्हय. तुजी ऱ्हायल्यात, ये हिकडं."

भाकरीचं पीठ ती तळहाताच्या बुडानं मळायची, बोटं वर. लांबून बघणाऱ्याला वाटावं, बाई पिठाला आशीर्वाद देतीय. डब्याचं झाकण चमच्याच्या दांड्यानं उघडायची. दाव्याची गाठ दातांनी सोडायची. मी म्हणायचो, "दात पडतील की."

"पडू द्या. दात कोण बघतंय?"

रंग लावायची आमची लेक मंगल. तिला बारामतीला दिलेली, आणि ती एमआयडीसीत दुधाच्या कारखान्यात कामाला. दोन-अडीच महिन्यांनी सुट्टी काढून यायची आणि आल्या आल्या आईचे हात मांडीवर घ्यायची. आधी लिंबाच्या फोडीनं नखं पुसायची, तेलकट राहिलं तर रंग धरत नाही म्हणे. मग एक पातळ हात. तो सुकला की दुसरा. टोकाला आल्यावर कुंचला जरा आतल्या बाजूला वळवायचा, म्हणजे कडेनं पापुद्रा सुटत नाही. आमच्या घराला चुना मारताना कुणी एवढी काळजी घेतली नव्हती. रंग कांद्याच्या सालीसारखा गुलाबी. तो लागला की कौसा हात पसरून बसायची आणि कुणी काही बोललं की म्हणायची, "सुकू द्या जरा."

हे तिचं पुढं सगळ्यालाच लागू झालं. चुलतभावाशी बांधावरून माझं वाजलं, मी काठी घेऊन निघालो, तर मागून आवाज, "सुकू द्या जरा, मग जावा." मी थांबलो. थांबल्यावर राग खरंच उतरला, म्हणून तिचाही राग आला.

मी शाळेत फार गेलो नाही, पण बघायची खोड आहे. तिच्या नखांकडं बघत राहिलो तेव्हा कळलं, रंग झिजतच नव्हता. नखच पुढं सरकत होतं. मुळाशी कोरी कोर दिसायला लागायची, ती वाढायची आणि रंग टोकाकडं जायचा. म्हणून ही बाई नखं कापायची नाही. एवढा खटाटोप कशाला, संपला रंग तर दुसरा लावावा, म्हणून मी बारामतीच्या बाजारातून एक बाटली आणून दिली. लालभडक. तिनं ती म्हशीच्या शिंगांना लावली.

"का गं? तुला आणली व्हती."

"शिंगांना बरी दिसती."

"आन् तुला?"

तेव्हा ती सरळ बोलली. "मंगलच्या कारखान्यात नखांना रंग चालत न्हाय. दुधाचं काम. दारात रोज नखं बघत्यात. लग्नाच्या आदी पोरीला किती हौस व्हती, ठावं हाय न्हवं? आता तिचे हात कोरे. मग मला लावती आन् बघत बसती. तिची हौस हितं ठिवलीया तिनं. मी नुसती सांभाळती. ती येस्तोवर जाऊ द्यायची न्हाय, यवढंच."

मला वाटत होतं, म्हातारीला नटायचा नाद लागलाय. तिला स्वतःला तो रंग आवडत होता का, हे मी विचारलं नाही. आता विचारायला कोणी नाही.

त्या धारेच्या दिवशीच दुपारी ती गेली. पडवीत आडवी झाली होती. मी चहाला हाक मारली, परत मारली, मग हात लावला.

निरोप मिळाल्यावर मंगल नवऱ्याच्या मोटरसायकलवरून आली. बाया रडत होत्या. ही रडली नाही. आईचा हात उचलून एकेका नखावरून अंगठा फिरवत गेली. दहाही नखांवर रंग होता, अर्ध्यापर्यंत सरकलेला, पण कुठं टवका नव्हता. दिवस मावळायच्या आत सगळं उरकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो तर मंगल ओट्यावर बसलेली. हातात नवी बाटली. येत्या रविवारी यायचं म्हणून तिनं आधीच घेऊन ठेवली होती, आणि निघायच्या घाईत पिशवीबरोबर आली.

"आबा, हिचं आता काय करू?" ती म्हणाली. "टाकून देते उकिरड्यावर."

मी न्हाणीत जाऊन साबणानं हात धुतले, धोतराला पुसले आणि तिच्यापुढं बसून तिच्या गुडघ्यावर ठेवले.

चुलीपाशी बसलेली माझी भावजय पारू म्हणाली, "भावजी, सुतक हाय घरात. गडीमाणसानं नखं रंगवायची? लोकं काय म्हंतील?"

"म्हणू दे."

मंगलनं आधी काडीनं माझ्या नखांतली माती काढली. सगळी निघाली नाही. मग बाटली हलवली, झाकण उघडलं आणि करंगळीपासून सुरुवात केली. तिसऱ्या बोटाला ती रडायला लागली, पण हात हलू दिला नाही. मीही हललो नाही. दहा बोटं झाली तेव्हा मी ती गुडघ्यांवर पसरली आणि वारा होता तिकडं तोंड करून बसून राहिलो.